धुळाआबांकडे दाखवणारी तेवीस बोटं

अफताबने सांगितलं होतं, शेवटचा रकाना रिकामा ठेव. त्या रकान्याचं नाव 'शेरा'. गिऱ्हाइकाला पाठवायच्या तक्त्यात शेरे लिहायचे नसतात, असं त्याचं म्हणणं. पण हा तक्ता गिऱ्हाइकाचा नाही, माझा आहे. मला जे सांगायचंय ते शेऱ्यातच लिहिणार. आकडे हवे असतील त्यांनी डावीकडचे रकाने वाचावेत.

ओळ १
कुठून येते: पुण्यातल्या एका दिवाळी प्रदर्शनाचं पान
कुठे जाते: ऊबदरबार
शेरा: विकत घेतलेली.

ओळ २
कुठून येते: 'घर सजवा' नावाची कुठलीतरी साईट
कुठे जाते: ऊबदरबार
शेरा: ही पण.

ओळ ३ ते ३०
शेरा: ह्या पण. एकेक लिहायचा कंटाळा आला.

मध्येच थांबून सांगते. इस्लामपुरात मोबाईलच्या दुकानावर अफताबचं ऑफिस आहे. दोन टेबलं, तीन खुर्च्या, आणि त्याच्या वडिलांनी, पीरमहंमदचाचांनी, स्वतः भरलेली एक गादी, दुपारी पाठ टेकायला. लोकांची दुकानं गूगलवर वर आणायची, हे आमचं काम. दाताचा एक डॉक्टर, पाईपचा एक कारखाना, लग्नाची दोन कार्यालयं. प्रतिस्पर्धी आपल्या वर का दिसतो हे शोधायचं असेल, तर त्याच्याकडे कोण बोट दाखवतंय ते आधी बघायचं. लिंक म्हणजे बोटच. एक साईट दुसरीकडे बोट दाखवते. गूगल ती बोटं मोजतं आणि बोट कुणाचं आहे तेही बघतं. गावात नाही का, चांगला वैद्य कुठला विचारलं की दहा जण एकाच दाराकडे बोट करतात, तसं.

अफताब म्हणतो, "अब्बांनी आयुष्यभर कापूस पिंजला, मी लिंका पिंजतो."

डिसेंबरात मी हे काम पहिल्यांदा स्वतःच्या घरासाठी केलं.

आमचं घर वडूजजवळ. माझे थोरले चुलते धुळाआबा घोंगडी विणतात. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि समोरच्या मागावर विणायचं. लोकर आमच्याच मेंढरांची, सूत थोरल्या आईने, म्हणजे आबांच्या बायकोने, बयाबाईने, काढलेलं. वर चिंचोक्याची खळ. दोन वर्षांत मागणी आटत आटत बंद झाली. दिवाळीत मी त्यांच्या नावाची साईट केली, धुळाआबा डॉट इन. ती गूगलच्या सहाव्या पानावर. सहाव्या पानावर कोण जातं? मीही गेले नसते.

पहिल्या पानावर, सगळ्यात वर, शिरवळची कंपनी, ऊबदरबार. 'अस्सल हातमागाची घोंगडी.' मी एक मागवली. थोरल्या आईने तिचा एक धागा उपसला आणि काडी ओढून पेटवला. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख होते. हा धागा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला.

"ह्ये पलाष्टिक हाय," थोरली आई म्हणाली. "पावसात पांघरलं तर भिजनार न्हाई, पर थंडीत मानूस गारठून मरंल."

 आबांनी आधीच सांगून टाकलं होतं, "पाडव्यापतूर बघतो. कोन आलं न्हाई तर खड्डा बुजवायचा." चार पोती सिमेंट आणून त्यांनी लिंबाखाली रचलंही होतं. बुजवून वर कोबा करायचा, मग तिथे मोटारसायकल लावता येईल.

ती चार पोती बघून मी सोमवारी इस्लामपूरला गेले आणि ऊबदरबारकडे येणाऱ्या सगळ्या लिंका उतरवून घेतल्या. एकशे एकोणीस.

ओळ ३१
कुठून येते: माणदेशातल्या लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्या एका सरांचा ब्लॉग
कुठल्या शब्दांवर: 'धुळाआबांची घोंगडी'
कुठे जाते: ऊबदरबार
शेरा: हे काय?

मी ते पान उघडलं. आठ वर्षांपूर्वीचं. सर आमच्या मेंढरांबरोबर तीन रात्री राहिले होते, लांडगा बघायला. लांडगा दिसला नाही. पण आबांनी दिलेल्या घोंगडीत आपण कसे झोपलो यावर त्यांनी दोन परिच्छेद लिहिले होते. खाली आबांचा फोटो. 'धुळाआबांची घोंगडी' या शब्दांवर बोट ठेवलं की उघडत होतं ऊबदरबारचं पलाष्टिक.

ओळ ३२. जर्मनीत राहून माग चालवणाऱ्या एका मराठी बाईचं पान. तेच शब्द, आणि तेच पलाष्टिक.
ओळ ४०. तेच.
ओळ ४७. सांगलीच्या एका कॉलेजच्या शिबिराचा वृत्तांत. तेच.
ओळ ५८. ओळ ६३. ओळ ६४.

मोजल्या. तेवीस. बाकीची शहाण्णव विकतची, कचरा. ऊबदरबारला वर धरून ठेवणारी होती ती ही तेवीस. आणि ती तेवीसच्या तेवीस माझ्या चुलत्याकडे दाखवलेली बोटं होती.

आता चूक सांगते, कारण ती आमची आहे.

२०१४ साली माझ्या भावाने, विश्वजितने, आबांसाठी पहिली साईट केली होती. धुळाघोंगडी डॉट कॉम. दर दिवाळीनंतर त्या नावाची मुदत वाढवावी लागायची. तिच्यासाठी जो फोन नंबर दिला होता तो कळपाचा. आमच्याकडे कळपाला स्वतःचा एक फोन आहे. रानवाल्या शेतकऱ्यांना तोच नंबर माहीत असतो, म्हणून मेंढरांमागे जो जाईल त्याच्याबरोबर तो जातो. घरी राहत नाही. चार वर्षं विश्वजितने लक्ष ठेवलं, मग तो फौजेत गेला. त्या वर्षी दिवाळीनंतर मेंढरं कोकणात उतरली होती आणि फोन माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे, होता. नावाची मुदत संपतेय असा मेसेज आला, इंग्रजीतून. अण्णांनी तो चिपळूणच्या बाजारात एका दुकानदाराला दाखवला. तो म्हणाला, कंपनीची जाहिरात आहे, काढून टाका. अण्णांनी काढून टाकला. असे आणखी चार आले, तेही काढले. कळपाचा फोन ते स्वच्छ ठेवतात, एखाद्या रानवाल्याचा निरोप बुडू नये म्हणून.

ज्येष्ठात मेंढरं परत आली तेव्हा साईटच्या जागी पाटी होती, 'हे नाव विकाऊ आहे'. गेलं तर गेलं, असं म्हणून आम्ही परत कधी उघडलं नाही. ऊबदरबारने ते नाव विकत घेतलं आणि स्वतःच्या दुकानाकडे वळवून ठेवलं. तेवीस जण अजून आबांच्याच घराकडे बोट दाखवत होते. घर आतून बदललं होतं.

"बेकायदा आहे का?" मी अफताबला विचारलं.

"न्हाई. सोडून दिलेलं नाव कुणीबी घेतं. लय हुशार काम केलंय गड्यांनी. मी असतो तर मीबी केलं असतं."

"तू केलं असतंस?"

त्याने गादीवरून मान वर केली. "तुज्या आबाचं न्हाई, गं. दुसऱ्या कुनाच्या तरी आबाचं."

"ते दुसरे आबा पण कुणाचे तरी असतात."

"मॅडम, सकाळी सकाळी भाषण नको. पाचशे लिंका घेऊ बाहेरनं, आठ दिवसांत दुसऱ्या पानावर आणतो तुला."

"पाचशे नकोत. मला ही तेवीस पाहिजेत."

"ती त्यांची झाली."

"बोट ज्याचं, ते त्याच्या हाताला असतं," मी म्हणाले. "हात धरून वळवते."

तेवीस जणांना तेवीस मेल पाठवले. कुठली ओळ, कुठले शब्द, जुना पत्ता कुठला, नवा कुठला, सगळं नीट लिहून. पंधरा दिवसांत एक उत्तर आलं. 'आमच्याकडे जाहिरात द्यायची असल्यास खालील दरपत्रक पाहावे.' माझ्या मोबाईलवरून सात जणांना फोन केले. अनोळखी नंबर आजकाल कोणी उचलत नाही.

थोरल्या आईला सांगितलं तर ती सूत काढता काढता म्हणाली, "मेंढरं रानात बसवायची तर आदी एक मानूस म्होरं जातो. रानवाल्याच्या दारात हुबा ऱ्हातो. तू दारात न जाता रान मागतीस व्हय?"

"एक जर्मनीला आहे."

"मग जर्मनीच्या दारात जा."

ओळ ३१ पुन्हा.

यंदा अण्णांचा गुडघा दुखत होता म्हणून मेंढरं कोकणात उतरली नव्हती. संक्रांतीला ती इस्लामपूरच्या अलीकडे, ऊस तुटून गेलेल्या एका रानात बसली होती. मी डबा घेऊन गेले. अण्णा बांधावर बसले होते, शेजारी फोन चार्ज करायची सोलरची छोटी पाटी उन्हाला लावलेली. आम्ही भाकरी सोडली आणि कळपाचा फोन वाजला.

अण्णांनी पडदा बघितला. "लांडगा सर हाईत," म्हणाले आणि उचलला. "आवं सर, घ्या तिळगूळ. व्हय, व्हय. न्हाई, यंदा लांडगा न्हाई. हितं कुत्रीच लय."

मी भाकरी खाली ठेवली.

"अण्णा, हे सर तुम्हाला फोन करतात?"

"दर संक्रातीला. का गं?"

यांना मी एक मेल आणि तीन फोन केले होते.

मी तो फोन हातात घेतला आणि नावं बघत गेले. लांडगा सर. जर्मनी ताई. पाय मोडलेला पुणेकर. शिबिर नानासो सांगली. शाळा मास्तर वडूज. फोटोवाली चष्मा. अण्णांनी ज्याला जसं बघितलं तसं नाव घातलं होतं. लिहिणारे सगळे कधी ना कधी कळपाबरोबर राहून गेले होते. कुणी एक रात्र, कुणी चार. जाताना प्रत्येकाने नंबर घेतला होता. तेवीसपैकी एकोणीस जण त्या फोनमध्ये होते. आणि तो नंबर त्यांच्याही फोनमध्ये होता, कसल्या ना कसल्या नावाने.

त्याच बांधावर बसून मी फोन लावायला सुरुवात केली. दुसऱ्या-तिसऱ्या वाजण्याला उचलत होते.

"आबा? बोला आबा, किती वर्षांनी."

"आबा नाही, त्यांची पुतणी बोलतेय. पल्लवी."

मग मी सांगायची. तुम्ही आबांबद्दल जे लिहिलंय ते वाचून माणूस आबांकडे येत नाही, शिरवळच्या गोदामात जातो.  पाय मोडलेल्या पुणेकराने आधी एक शिवी दिली आणि मग माझी माफी मागितली. डोंगरात पाय मोडल्यावर त्याला आबांनी घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणलं होतं. त्याने बोलता बोलता लिंक बदलली. जर्मनीच्या ताईंनी अकरा मिनिटांत बदलली आणि ऊबदरबारच्या वितळलेल्या मण्याचा फोटो काढून पाठव म्हणाल्या. पाठवला. त्यावर त्यांनी नवं पान लिहिलं, धागा जाळून लोकर कशी ओळखावी याचं. ती चोविसावी, न मागता आलेली.

अण्णा मेंढरं राखत लांबून बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "कुनाकुनाशी बोललीस एवडं?"

"तुमच्या सगळ्या लोकांशी."

"त्यो मेसेज मी काडला व्हता, न्हवं?" त्या मेसेजमुळे नाव गेलं हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना ते आधीपासून कळलेलं होतं.

"काढला ते काढला. फोन जपून ठेवलात ना."

ओळ ४७
कुठून येते: सांगली, कॉलेजचं शिबिर
शेरा: समक्ष.

शिबिर नानासो म्हणजे कॉलेजच्या कार्यालयातले क्लार्क. फोनवर म्हणाले, "असं तोंडी होत नाही. समक्ष या, अर्ज द्या." मी इस्लामपूरहून सांगलीची एसटी धरली.

अर्ज तिथेच टेबलावर लिहिला. नानासोंनी चष्मा नाकावर ओढून वाचला.

"विषय काय लिहिलाय तुम्ही हा? 'बोट वळवणेबाबत'?"

"मग काय लिहू?"

"'संकेतस्थळावरील दुरुस्तीबाबत' लिहा. प्राचार्यांनी वाचलं तर त्यांना वाटेल, कुणाचं तरी बोट मोडलंय."

लिहिलं. त्यांनी आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला, फाईलला लावला. मग कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला खडूने पासवर्ड लिहिलेला. लिंक बदलायला त्यांना एक मिनिट लागलं. उठताना मी त्यांच्या खुर्चीकडे बघितलं. पाठीला एक काळी घोंगडी घडी करून लावली होती, कडेला लाल धाग्याची ओळ. लाल ओळ आबा घालतात.

"शिबिरातनं आनली, तवापासनं कंबर दुखली न्हाई," नानासो म्हणाले. घाईत त्यांची कार्यालयीन भाषा सुटली होती. "आबांना सांगा, दुसरी लागनार हाय. हिला उंदरानं खाल्लं एका कोपऱ्याला."

कितीतरी महिन्यांतली ती पहिली मागणी.

ओळ ८८
कुठून येते: वडूजच्या एका निवृत्त मास्तरांचा ब्लॉग
शेरा: उचलणारी मुलगी होती.

"बाबा तीन वर्षांपूर्वी गेले," सृष्टी म्हणाली. "नंबर मी चालू ठेवलाय. कोणी ना कोणी त्यांना फोन करतं, मग जरा बोलणं होतं."

मास्तरांनी घोंगडीवर सगळ्यात लांब लिहिलं होतं, चौदा भाग. सृष्टीला पासवर्ड माहीत नव्हता. "बाबा कोणालाच सांगायचे नाहीत. परीक्षेचे पेपरसुद्धा उशाखाली घेऊन झोपायचे." तिने खूप प्रयत्न केले. आईचं नाव, शाळेचं नाव, कुत्र्याचं नाव. उघडलं नाही. मी चौदाव्या भागाखाली प्रतिक्रिया लिहिली, 'धुळाआबा आता इथे आहेत', आणि पत्ता दिला. पडद्यावर अक्षरं आली, 'आपली प्रतिक्रिया लेखकाच्या मंजुरीनंतर दिसेल.'

ते बोट तिकडेच राहिलं.

फाल्गुनात तक्ता असा होता. तेवीसपैकी अठरा वळली. दोन साईटी बंद पडलेल्या, दोन जण सापडले नाहीत, एक मास्तर. 'धुळाआबा घोंगडी' शोधलं की आता आम्ही पहिले. 'हातमागाची घोंगडी' शोधलं की दुसऱ्या पानावर. ऊबदरबार पहिल्या जागेवरून पाचवीवर घसरलं होतं. अफताबने ते दोनदा मोजलं आणि गादीवर आडवा झाला. "पाचशे घेतल्या असत्या तर दोन महिन्यांत गूगलनं आपल्याला गाडलं असतं," तो छताकडे बघत म्हणाला. चुकलो म्हणायची त्याची ही पद्धत.

मग फोन आला. त्या दिवशी मी घरी होते. आबा खड्ड्यात पाय सोडून बसले होते, मागावर नानासोंची घोंगडी.

"नमस्कार ताई, मी यशराज. ऊबदरबार. तुमचं काम बघितलं. खरंच इम्प्रेस झालो."

मी फोन स्पीकरवर टाकून मागाजवळ ठेवला.

"आपण भांडायचं कशाला? धुळाघोंगडी हे नाव आम्ही तुम्हाला परत देतो. अगदी फुकट. फक्त आबांचा फोटो आणि एक छोटा व्हिडिओ आमच्या पानावर. त्यांनी नुसतं मागावर बसायचं. विणायची पण गरज नाही. दोघांचा फायदा."

आबांनी धोटा थांबवला. "नुसतं बसायचं?"

"हो आबा, नुसतं बसायचं."

"आन ती पलाष्टिकची घोंगडी मी इनली म्हनायचं?"

"तसं स्पष्ट काही म्हणायचं नाही. लोक समजून घेतील."

"लोक समजून घेत्यात, तेच तर वांदं हाय," आबा म्हणाले. "ते नाव तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, सायेब. मानसं आमी घिऊन आलो त्यातली. आता तितं मास्तर तेवडा हाय. आन मास्तर जिता व्हता तवा त्यानं कुनाचं ऐकलं न्हाई, आता तुमचं काय ऐकतोय."

त्यांनी पुन्हा धोटा फेकला. यशराज पलीकडून काहीतरी बोलत होता. मागाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही, आणि मी आवाज वाढवला नाही.

ओळ नाही, फक्त शेरा.

पाडव्याच्या आधी चार दिवस थोरली आई लिंबाखाली उभी राहून पोती दाबून बघत होती. "गोटाया लागलंय ह्ये," म्हणाली. "आवं, खड्डा बुजवनार हाय का न्हाई, एकदा सांगा."

आबा आतून म्हणाले, "अजून सहा इनायच्या हाईत."

मग तिने माझ्याकडून वाळू चाळून घेतली आणि त्या सिमेंटची मेंढरांना पाणी प्यायची दोणी बांधली, अंगणात, रस्त्याच्या कडेला. वरचा काठ ओला होता तेव्हा मला हाक मारली.

"तुजं ते नाव लिही हितं. कायमचं."

मी काडीने काठावर कोरलं, धुळाआबा डॉट इन. खाली कळपाचा नंबर. ऑफिसात मी त्या नावाची मुदत दहा वर्षांसाठी वाढवून घेतली होती, आणि मेसेज तीन फोनवर यावा अशी सोयही केली होती. पण ते थोरल्या आईला सांगितलं नाही. तिचा भरवसा दोणीवर.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर 'डॉट'वर एका मेंढराचा खूर उमटला होता. बाकीचा पत्ता स्पष्ट वाचता येतो.